रोवणीतलं बँकॉक

"जुलैतच स्वस्त आहे, जाऊबाई. बाकी महिन्यांच्या भावाला हात लावायची सोय नाही," मी स्क्रीन माझ्याकडेच वळवून सांगितलं.

साकोलीत हायवेवर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. चौदा वर्षांत कितीतरी लोकांना विमानात बसवलं. माझा पहिला पासपोर्ट कोराच संपला. दुसरा काढला, तोही कोरा. आणि समोर बसली होती माझी मोठी जाऊ, कुसुमबाई, जिने रेल्वेचं तिकीटही कधी स्वतः काढलं नाही. तिचा निखिल बँकॉकला हॉटेलात स्वयंपाकी आहे. तीन वर्षं घरी आला नव्हता. त्याने आईला बोलावलं होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं, खोटं कशाला बोलू!

जुलैत भाव उतरतात, कारण तिकडेही पावसाळा. पण जुलै म्हणजे आमच्याकडे धानाची रोवणी, भाताची लावणी. आमची शेती एकत्र, आणि रोवणी कुसुमबाईच्याच हातात. ती बांधी, धानाचं शेत, सोडून जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. नोव्हेंबरअखेर, धान घरी आल्यावर, भाव जरासाच जास्त होता. तो मी दाखवला नाही.

"ऐक ना सुनंदा, निखिल म्हणत होता का..."

"सीटा संपून राहिल्या, जाऊबाई. आधी तारखेचं बोला."

ती म्हणाली, "तीन वर्षं झाली लेकराले पाहून. मी जातो. रोवणी तू पाह्यशील ना?"

आता नाही कसं म्हणणार? दोन वेगळी तिकिटं काढली, नागपूर-कोलकाता आणि कोलकाता-बँकॉक. असं स्वस्त पडतं. फक्त मध्ये सामान स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि त्यासाठी वेळ हातात ठेवावा लागतो. मी सहा तास ठेवले. जळत होते, तरी धंद्यात बेइमानी नाही. निदान या बाबतीत नाही.

ती निघाली त्या दिवशी गुडघाभर चिखलात उभी राहून मी फोनवर तिला कोलकात्याच्या विमानतळावर बॅगा येतात तो पट्टा शोधून दिला. दुसऱ्या दिवशी निखिलचा फोन आला, तेव्हाही बांधीतच होते.

"काकू, आई पोचली. पण तू काहून नाही आली?"

"मले कोणी बोलावलं?"

"म्या बोलावलं ना! दोघींचे पैसे मी देतो म्हटलं होतं. काकू सगळ्यांची तिकिटं काढते, तिले कोणी नेत नाही, तिले सोबत आण म्हटलं. आई म्हणते, रोवणीत दोघी कशा निघू? एकीले तं राह्यलंच पाहिजे."

हातातली पऱ्ह्याची पेंडी, रोपांची जुडी, तशीच राहिली. बाया विचारत होत्या, काय झालं. मी वाकले आणि पुढचं रोप लावलं.

आता दुकानात सगळ्या महिन्यांचे भाव दाखवते, स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवून. आणि कोणताही एजंट जे पहिल्यांदा विचारतो, तेच पहिल्यांदा विचारते. किती जण?