ओरखडे पडलेला तवा

समोरच्या वहिनींनी आज त्यांचा नॉनस्टिक तवा घरातून काढला. मधोमध ओरखडे पडून त्याचा काळा थर सुटायला लागला होता. "पोटात विष जातं म्हणे, मोबाइलवर आलंय," त्या दारात उभ्या राहून मला सांगत होत्या. मग आम्हा दोघींकडे काम करणाऱ्या मंगलताईंच्या हातात तोच तवा देत म्हणाल्या, "घेऊन जा गं, तुला अजून दोन वर्षं जाईल."

माझं डोकंच फिरलं. तव्यात विष आहे की नाही, मला ठाऊक नाही. असेल, नसेलही. पण यांच्या घरातून बाहेर पडलं की ते उतरतं, हे कुणी ठरवलं? मंगलताईंच्या पोरांची पोटं काय लोखंडाची आहेत?

मंगलताईंनी तवा पिशवीत घातला आणि हॉलच्या खिडकीबाहेर कठड्यावर उतरून त्या काचा पुसायला लागल्या. चौथा मजला, ओले पाय, धरायला काही नाही. वहिनी आतून म्हणाल्या, "कोपरे नीट पूस." तेव्हा मात्र वहिनींना कशाचीच भीती वाटत नव्हती.

मी तणतणत घरात आले आणि चहासाठी साखरेचा स्टीलचा डबा उघडला. तिथेच हात थांबला. मागच्या दिवाळीआधी, प्लास्टिकने कॅन्सर होतो असं कुठेतरी वाचून मी स्वयंपाकघरातले सगळे डबे बदलले होते. जुने फेकवेनात, म्हणून घासूनपुसून मंगलताईंना दिले होते. रिकामे कसे द्यायचे, म्हणून त्यांच्या पोरांसाठी फराळही त्यातच भरला होता.