मधल्या खोलीतला डबा

आई गेल्यानंतर मी पुण्यातली खोली सोडून वालूरला बाबांकडे राहायला आले. माझं काम पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं. ते घरी बसून जमत होतं. पण आमचं घर अरुंद आणि लांबलचक. पुढं बैठक, मध्ये आई-बाबांची खोली, मागं माझी. तिच्या खिडकीतून कापसाचं रान दिसतं. इंटरनेटची तार बैठकीपर्यंतच आलेली आणि भिंती दगडाच्या. म्हणून मी मेश वाय-फायचे तीन डबे आणले आणि प्रत्येक खोलीत एक ठेवला. पहिल्यानं दुसऱ्याला सिग्नल द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला.

सकाळभर सगळं सुरळीत. दुपारी तीनची मीटिंग सुरू झाली की माझ्या डब्यावरचा हिरवा दिवा तांबडा व्हायचा. पडद्यावरची माणसं अर्ध्या शब्दावर थिजायची. कुणाचा हात हवेत, कुणाचे डोळे मिटलेले. त्या चेहऱ्यांकडे बघत मी नुसती बसून राहायचे. बाहेर पांढरं ऊन, कुठंतरी होला घुमायचा. वाटायचं, हे गाव कुणाच्या तरी झोपेत आहे आणि मीही त्यातच. मग अर्ध्या तासानं दिवा आपला आपण हिरवा.

मी डबे बंद-चालू केले, तार बदलली. काही फरक नाही. शेवटी जेवताना बाबांना सांगितलं.

बाबांची सगळी नोकरी येलदरीच्या वीजघरात गेली. आई गेल्यापासून ते मोजकंच बोलायचे. पण हे ऐकून त्यांनी ताटातला हात थांबवला.

"एका टायमाला एकच गोष्ट बदलायची," ते म्हणाले. "दोन बदलल्या तर दोष कशात व्हता ते कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खडू आणला. मी मोबाइल धरून घरभर चालायचे आणि पडद्यावर किती रेघा दिसतात ते ओरडून सांगायचे. ते फरशीवर तेवढ्या रेघा ओढायचे. दुपारपर्यंत उंबऱ्यापासून माझ्या खाटेपर्यंत फरशी खडूनं भरली. सगळीकडं रेघा पुऱ्या.

"पाण्यावानी हाय हे," बाबा म्हणाले. "कुठंतरी अडायलंय. पण आत्ता न्हाई अडत."

"तीन वाजता परत मोजू. तुमी पण या."

"तीनला मला जरा काम असतंय," म्हणत ते उठले.

तीन वाजले. दिवा तांबडा झाला. मी मोबाइल घेऊन निघाले आणि मधल्या खोलीचं दार हळूच लोटलं.

आईचं लोखंडी कपाट सताड उघडं होतं. बाबा समोर खाटेवर बसले होते, आईचं इरकल लुगडं मांडीवर घेऊन, डोळे मिटून. कपाटाचं आरसा लावलेलं रुंद दार बरोबर स्टुलावरच्या डब्याला आडवं आलं होतं. दाराच्या अलीकडं माझ्या हातात एकच रेघ होती. पलीकडं गेले की चार. खोलीत कापराचा वास होता. आरशात मी बाबांच्या शेजारी उभी दिसत होते.

त्यांनी डोळे उघडले. मला पाहिलं, मग मोबाइल, दार, डबा. मीटर वाचावा तसं सावकाश.

"म्हंजी मीच व्हय?"

"तुमी न्हाई, बाबा. दार हाय. लोखंडाचं."

"तुझी मीटिंग चालू असती. घर शांत असतंय. म्हणून बसतो जरा." ते दार लावायला उठले.

मी दार धरून ठेवलं. "कपाट हाय तसंच राहू द्या. डबा हलवू."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते हातोडी आणायला गेले. समोरच्या भिंतीवर, माझ्या खोलीच्या दाराजवळ, त्यांनी फळी ठोकली. डबा वर ठेवला. मग मोबाइल स्वतः घेऊन माझ्या खोलीत गेले.

"आता कपाट उघड!"

मी उघडलं.

"लाव!"

लावलं.

"चारीच्या चारी हायत!" कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज इतका मोठा झाला होता.

पुढच्या मीटिंगला माणसं पुरी वाक्यं बोलली, हसली, कुणी पाणी प्यायलं. मध्येच पलीकडून कपाटाचं दार करकरलं.

"कसला आवाज?" एकीनं विचारलं.

"वडील आहेत," मी म्हणाले, आणि पुढचं पान उघडलं.