नाताळच्या आदल्या रविवारची परवानगी

अमरावतीहून अकोल्याला नाताळात जायचं म्हणता? जरूर जा. डिसेंबरातलं वऱ्हाड अंगावर ऊन घेत बसायला फार बरं. गाडीनं आता दोन-अडीच तासांत पोहोचाल. मी सांगतोय तो प्रवास एकसष्ट सालचा, आणि तो मी जवळजवळ वीस तासांत केला. पाच तासांत उरकायचा होता. नात हे टाइप करते आहे. तिनंही ही हकिगत आजच ऐकली.

तेव्हा मी अमरावतीच्या एका सरकारी ऑफिसात कारकून होतो. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. आमच्या घराण्यातला मी पहिला सरकारी नोकर, त्यामुळं माझ्या टेबलाला चार गावांत किंमत होती. अकोल्यात माझे मामा शिंपीकाम करत. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मामांनी गावकीची कामं टाकली, शहर गाठलं, पस्तिशीत मशीन शिकले. मिशनच्या आवाराशेजारच्या गल्लीत त्यांचं एका खणाचं दुकान होतं. मिशनच्या बोर्डिंगमधल्या मुलींचे कपडे शिवायचं काम त्यांना मिळालं, ते सांगितल्या वेळी कपडा हातात देतात म्हणून. त्या एका कामावर घर चालत होतं.

दुकानं रविवारी बंद ठेवायचा नियम होता. त्या वर्षी नाताळ सोमवारी आला आणि मिशनची जत्रा रविवारी. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येणार, ती खरेदी करणार कुठं? गल्लीतल्या दुकानदारांनी आमच्या ऑफिसात अर्ज केला: हा एक रविवार उघडं ठेवू द्या, बदल्यात मंगळवारी बंद ठेवतो. अर्जावर पहिली सही मामांची होती. भाचा आत बसलाय म्हटल्यावर परवानगी येणारच, असं धरून त्यांनी मुलींच्या बारा पांढऱ्या फ्रॉकांची शेवटची शिलाई आणि बटणं रविवारवर ठेवली. तीनला फ्रॉक द्यायचे, चारला मुली गाणार.

साहेबांनी शनिवारी दुपारी सही केली. हेडक्लार्कांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "टपालानं बुधवारी पोचन हे. तू अकोल्याले जाऊन राहिला ना? घेऊन जा. आज संध्याकाळीच तेथच्या दुकान-इन्स्पेक्टरच्या घरी देजो. तो ठप्पा मारून दुकानाइवर लावीन." घाईचा कागद असा त्या गावी जाणाऱ्याच्या हाती देण्याची आमच्या ऑफिसची पद्धतच होती. कागद पोचायचेही.

अमरावतीहून बदनेऱ्यापर्यंत लहान गाडी, तिथं उतरून अकोल्याची पॅसेंजर धरायची. बदनेऱ्याच्या फलाटावर संत्र्यांच्या टोपल्यांची रास होती आणि चहा दहा नये पैशांत मिळे, आल्याशिवायचा. तिथं गजानन भेटला, माझा शाळेतला दोस्त. मूर्तिजापूरजवळ त्यांचं शेत होतं.

"हुरडा लागला हाय ना बे! चाल. सकाळच्या गाडीनं जाजो."

"अबे, कागद द्याचा हाय एक."

"तं सकाळी दे. कागद का नासून राहिला?"

मी हसलो आणि त्याच्याबरोबर मूर्तिजापूरला उतरलो. कोणी बळजबरी केली नाही, गाडी चुकली नाही, हे मुद्दाम सांगतो. भाजल्या कणसांचा कोवळा हुरडा, जवसाची चटणी, घट्ट दही. तुम्ही त्या बाजूला गेलात तर हुरडा खाल्ल्याशिवाय परतू नका, चव अजून तीच आहे म्हणतात. मला मात्र तो त्यानंतर घशाखाली उतरला नाही.

रविवारी पॅसेंजर उशिरानं सुटली. अकोल्याला पोचायला साडेअकरा झाले. टांगेवाला आठ आणे म्हणाला, सहावर आला. मिशनच्या गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंना कुलपं. खेड्यांतल्या बैलगाड्या सोडलेल्या, बाया पोरांना कडेवर घेऊन बंद दारं बघत चाललेल्या. मामा आपल्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. धुतलेला सदरा, कानामागं खडू, हातात किल्ली.

"आला का रे बापू? काल दिवसभर वाट पाह्यली. तुमच्या हापिसाचा कागद नाई आला ना."

माझा हात पिशवीतल्या पाकिटावर होता. तिथंच बोलायला हवं होतं. "पाहून येतो मामा," एवढंच म्हणून मी धावत सुटलो.

इन्स्पेक्टर अंगणात उन्हात बसून संत्रं सोलत होते. पाकीट पुढं केलं, त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "आज रविवार. ऑफिस बंद. आवक कोण नोंदवणार? उद्या नाताळची सुटी. मंगळवारी आण."

"साहेब, परवानगी आजचीच आहे."

"मग काल आणायची होती."

त्यांनी एक फोड माझ्यापुढं केली, ती मी घेतली नाही.

परत येऊन मामांना म्हटलं, "इन्स्पेक्टर नाही म्हणतात." शब्द खरे होते, तरी मी खोटं बोललो. मामांनी किल्ली खिशात टाकली. समोरच्या शिंप्याचं पुढचं दार बंद होतं, पण आतून मशीनचा आवाज येत होता. गिऱ्हाईक बोळातून येऊन बोळातून जात होतं. मी म्हटलं, "मामा, आपणही मागच्या दारानं जाऊ. तासा-दोन तासांचं काम आहे."

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "मागच्या दारानं जायाचे दिवस आपन सोडले ना रे. आता पुन्हा काहून? नियम सगळ्याइले सारखा हाय, तोच आपला आधार. थो आपन मोडाचा नाई."

तीनला बोर्डिंगच्या मेट्रनबाई आल्या. "भाऊ, फ्रॉक?"

"दुकान उघडता येत नाई बाई. परवानगी नाई आली."

"तुमीच तं सांगितलं होतं, भाचा त्याच हापिसात हाय मनून."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "तो लहान कारकून हाय बाई. त्याचं काय चालते तेथं?" मला वाटलं, जमीन फाटावी. ती काही फाटत नाही.

जत्रा पाहण्यासारखी होती, हे लिहायलाच हवं. कागदी चांदण्यांच्या माळा, नानकटाईची ताटं, झेंडूच्या कमानी. मुली रोजच्या विटक्या निळ्या फ्रॉकांत उभ्या राहून गायल्या. सगळ्यांत पुढची चिमुरडी गाताना आखूड झालेली बाही खाली ओढत होती. मामा कुंपणाबाहेरून ऐकत होते. आत या म्हटलं तर आले नाहीत.

सोमवारी फटफटायच्या आत त्यांनी कुलूप उघडलं. बारा फ्रॉक दहाच्या आत नेऊन दिले. बाईंनी घेतले, शिलाईही चोख दिली, आणि पुढच्या वर्षीपासून समोरच्या शिंप्याला काम देणार असल्याचं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, असं मामा दोनदा म्हणाले.

मंगळवारी मी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात पाकीट दिलं. शिपायानं त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारला. रविवारची परवानगी मंगळवारी आवक झाली. येताना एसटीनं आलो. रस्ता खडबडीत, धूळ नाकातोंडात. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांना रेल्वेच बरी.

ऑफिसात हेडक्लार्कांनी विचारलं, "देल्ला ना कागद?"

"देल्ला," मी म्हटलं.

आठ दिवसांनी मामांचं पोस्टकार्ड आलं. 'माह्यासाठी साहेबासंग भांडू नको. नवी नोकरी हाय. आपल्यातला एक जन आत बसला हाय, थेच लय हाय. काम दुसरं भेटन.' भेटलं नाही. मामा पुढं जिनिंगच्या फाटकापाशी कापसाची बोंदरी, म्हणजे पोती, शिवत बसले. मशीन तीच, कापड गोणपाटाचं.

मामांना जाऊन चाळीस वर्षं झाली. सांगायला मला तोपर्यंत हजार रविवार मिळाले होते. पुढं मी साहेब झालो, कितीक परवानग्यांवर सह्या केल्या. लग्नाकार्यात भेटलो की मामा मला हाताला धरून पाहुण्यांपुढं उभं करत. "हा आमचा भाचा. त्या नाताळाच्या रविवारी माह्या दुकानासाठी उपाशीतापाशी इन्स्पेक्टरच्या घरी पळत गेला होता. त्यानं ऐकलं नाई, त्याले हा तरी काय करन?"

पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघत. आणि मी, मामांच्या हातात हात तसाच ठेवून, मान हलवत असे.