पांढऱ्या फुलांची गल्ली

आज सकाळी सिग्नलला हेल्मेटची काच वर केली आणि बुचाच्या फुलांचा वास आला. सोळा वर्षं याच रस्त्याने शाळेत शिकवायला जातेय. पावसाळा संपल्याचं मला हा वासच सांगतो.

याच दिवसांत पहिल्यांदा मुलाखतीला आले तेव्हा शाळेची गल्ली या फुलांनी पांढरी झाली होती. तीच खूण मी लक्षात ठेवली. जानेवारीत रुजू व्हायला निघाले, तर पांढरी गल्ली कुठेच दिसेना. तीन फेऱ्या मारल्या. शेवटी दूध घेऊन चाललेल्या एका आजोबांना विचारलं, "अहो, इथे फुलांची गल्ली होती ना?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "फुलं गेली. गल्ली कुठे जाणार? आपण तिच्या तोंडाशीच उभ्या आहात."

पहिल्याच दिवशी उशीर झाला. तेव्हा लाज वाटली होती, आता वाटतं, मी फुलं पाहिली होती, झाड पाहिलंच नव्हतं.

सिग्नल सुटायच्या आत आज रुजू होणाऱ्या नव्या शिक्षिकेचा फोन आला. "मॅडम, फुलांच्या गल्लीतच वळायचं ना?"

"हो," मी म्हटलं, "पण वळताना खोड बघून ठेव."