पाटलांच्या कॉम्प्युटरचं लॉगशीट

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ बसते तसे ते बसत जातात. एक दिवस पंखा अडकतो, तेव्हा कळतं केवढे साठलेत!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आणि माझा पार्टनर दिलीप पेणला कॉम्प्युटर जोडून विकायचो. नवीन मदरबोर्डवर प्रोसेसरचं टेंपरेचर दिसायला लागलं होतं. दिलीपने तेच जाहिरातीत घातलं आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

रोह्यातलं आमचं पहिलं गिऱ्हाईक पाटील. केमिकल कंपनीत ऑपरेटर, राहायला कॉलनीत. शेजारची आठ घरं म्हणाली, पाटलांचं मशीन वर्षभर टिकलं तर आम्हीपण घेऊ. आठ मशीन म्हणजे आमच्यासाठी दिवाळीच की! दिलीपने पाटलांना बजावलं, टेंपरेचर पन्नासच्या वर जाता कामा नये.

*

आठवड्यातच फोन आला, बासष्ट दाखवतंय. एसटी पकडून गेलो. मशीनवर क्रोशाचं कव्हर, कव्हरवर प्लास्टिक आणि मागच्या पंख्यावर आडवी-उभी सेलोटेप!

मी पाटीलवहिनींना म्हटलं, अहो, गरम हवा जाणार कुठून? वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आन् पाल आत गेली तर?"

सेलोटेप आणि प्लास्टिक काढलं. क्रोशाला मात्र वहिनींनी हात लावू दिला नाही.

*

पुढच्या खेपेला अठ्ठावन्न. जाऊन बघतो तर पाटलांच्या आई कॅबिनेटवर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवून बसलेल्या! माझं डोकंच फिरलं. आजी, आत करंट आहे, वगैरे बरंच सुनावलं.

त्यांनी पट्टी उलटी केली आणि म्हणाल्या, "येवढा तापलाय तो, आन् तू माझ्यावर चिडतोस?"

*

इकडे पेणला आमचे दुसरे गिऱ्हाईक तात्या, गणपतीच्या कारखान्याचे मालक. पत्ते टाईप करायला म्हणून मशीन घेतलेलं. ऐन जुलैत निरोप आला, टेंपरेचरचा प्रॉब्लेम आहे. बघितलं तर बरोब्बर अठ्ठेचाळीस. मी म्हटलं, तात्या, अगदी सेफ आहे.

तात्यांनी मशीनच्या मागे बोट दाखवलं. पंख्यासमोर चार ओले गणपती पाटावर वाळत बसले होते.

"अजून धा डिग्री वाढव ना रे."

*

पाटलांकडे आता वेगळीच बोंब सुरू झाली. टेंपरेचर फक्त मशीन सुरू होतानाच दिसे, म्हणून ते बघायचं तर मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागे. पाटील दर तासाला बघत, आणि मुलीचं टायपिंग उडे. ती रडकुंडीला आली. शेवटी मी म्हटलं, पाटील, दिवसातून एकदाच बघा आणि लिहून ठेवा.

पाटील खूश. हे तर आपलं रोजचंच काम हाय, म्हणाले. कंपनीतल्यासारखं लॉगशीट आखलं, तासातासाचे रकाने पाडले आणि खिळ्याला अडकवलं. त्यानंतर एक तक्रार नाही! कधीही विचारा, बेचाळीस, त्रेचाळीस. दिलीप तर त्या लॉगशीटची झेरॉक्स गिऱ्हाइकांना दाखवायला लागला.

वर्ष भरायला आठवडा उरला होता. गुरुवारी सकाळी फोन आला, मशीन बंद पडलं.

जाऊन कॅबिनेट उघडलं तर जळका वास! क्रोशाचा एक धागा पंख्यात गुंडाळला गेला होता आणि प्रोसेसर काळा पडला होता. आठही घरांतली माणसं भोवती उभी. गेली आठ मशीन, मनात म्हटलं.

पाटलांनी खिळ्यावरून लॉगशीट काढून सगळ्यांसमोर धरलं. "मशीनचा दोष नाय. रीडिंग बघा, बेचाळीस हाय."

मी बघितलं. बेचाळीस होतंच. उद्याच्या शुक्रवारचंही होतं, परवाच्या शनिवारचंही होतं. थेट रविवार संध्याकाळपर्यंत रकाने भरलेले. न राहवून मी रविवारवर बोट ठेवलं.

जमलेल्यांतले सगळ्यात जुने ऑपरेटर मोकल यांनी चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"बाकी सगळं बरोबर हाय," ते म्हणाले. "शिफ्ट इन्चार्जची सही तेवढी राहिलीय."

पाटलांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. मी रविवारपर्यंत सह्या केल्या.

आठही ऑर्डरी तिथल्या तिथे मिळाल्या. अट एकच होती, मशीनबरोबर वर्षभराचं लॉगशीट आम्ही आधीच भरून द्यायचं.