भांड्याला घर ठाऊक असतं

हिंगोलीपासून सेनगावापर्यंत असं एकही स्वयंपाकघर नसेल, ज्यात आमच्या मोठीमायचं एखादं भांडं सापडणार नाही. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नवं भांडं घेतलं की दुकानातच त्याच्या तळाशी मोठ्या बाबांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, नाव कोरून आणायचं, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे मोठे बाबा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, तरी त्यांचं नाव घरोघरी पोचलं होतं. आमच्या घरात मात्र ते शोधावं लागे. एकदा पाहुणे आले आणि ताट-वाट्या पुरेनात, तेव्हा मोठे बाबा परातीत वरण-भाकरी कुस्करून जेवले आणि "ऐसपैस वाटलं" एवढंच म्हणून उठले. संसार कसा टिकतो ते मला त्या दिवशी कळलं.

मोठीमायचं शरीर आमच्या स्वयंपाकघरात असे, पण कान गल्लीत असत. कोणाच्या कुकरची शिटी कधी वाजते हे तिला पाठ होतं. "कोपऱ्यावर आज शिटी वाजली न्हाई," असं म्हणून ती हातातला घास ठेवून उठायची. शिटी न वाजायला तिच्या लेखी तीनच कारणं होती: आजारपण, भांडण नाहीतर संपलेला गॅस, आणि तिन्हींवर औषध एकच, डबा. आजाऱ्याला मुगाची खिचडी, भांडणाऱ्यांना पिठलं, कारण तोंडात गरम पिठलं असताना माणसाला फार बोलता येत नाही असा तिचा अनुभव. एकदा त्या घरी नुसती संकष्टी निघाली. ही खिचडीचा डबा घेऊन तशीच परत फिरली आणि आल्या आल्या भगर शिजायला टाकली.

गावातलं कोणी दवाखान्यात निघालं की एसटीत त्याच्या शेजारी ही असायचीच. डॉक्टरांनी पेशंटला काही विचारलं तर उत्तर मोठीमाय द्यायची. "मळमळ बी होऊन राहिली तिला, पण लाजते ती, सांगायची न्हाई." शेवटी डॉक्टर तिलाच विचारू लागले आणि पेशंटची फक्त नाडी बघू लागले. आम्हा पाच भावंडांचे ताप, गोवर, परीक्षा, सगळं तिच्याच मांडीवर पार पडलं. माझी आई शेतातून येईपर्यंत आम्ही बरेही झालेले असायचो.

तिचा कायदा एकच होता. कोणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, आणि आपलंही रिकामं घ्यायचं नाही. शाळेतल्या नव्या गुरुजींच्या बायकोनं एकदा लोणच्याची वाटी घासूनपुसून, थँक्यू म्हणून हातात ठेवली. मोठीमाय उंबऱ्यावरच उभी राहिली. "बाई, यात काई तरी टाक. साखरेचे चार दाणे टाक, पण टाक." असं दारोदार समजावून तिनं अख्ख्या गावाला हा कायदा शिकवला. गाव इतकं शिकलं की भांडी परत येणंच बंद झालं.

यावरून आईचं आणि तिचं रोज वाजायचं. आई तिची धाकटी जाऊ. "अक्का, एक दिवस पाणी प्यायला तांब्या राहायचा न्हाई घरात," आई म्हणायची. मोठीमायचं उत्तर ठरलेलं: "येतील. भांड्याला घर ठाऊक असतं." त्यातही आईचा खरा जीव अडकला होता तो कडीच्या मोठ्या डब्यात. तो तिच्या माहेरचा. तांड्यावरची एक बाई आमच्याकडे हळद काढायला यायची; तिच्या लेकीच्या बाळंतपणात मोठीमायनं डिंकाचे लाडू भरून तो नेमका तिला दिला. पुढं ती बाई कामाला यायची थांबली. सेनगावच्या बाजारात आईला पाहून तिनं तोंड फिरवलं. "बघा, गेला डबा," आई म्हणाली. मोठीमाय म्हणाली, "येईल."

गेल्या माघात, घरोघरी हळद शिजत असताना, तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन मोठीमाय गेली. आमच्या घरी चूल पेटली नाही. गावानं पिठलं, भाकरी, भात आणून ठेवला. संध्याकाळी आई भांडी घासायला बसली. कोणाचं कोणाला द्यायचं ते पाहायला तिनं एक पातेलं उलटं केलं. तळाशी मोठ्या बाबांचं नाव होतं. तिनं वाटी उलटी केली, तांब्या उलटा केला, मग सगळीच भांडी. एकूणएक आमची होती. आई राखेच्या हातांनीच रडायला लागली.

तेवढ्यात तांड्यावरची ती बाई दारात आली. कडीचा डबा पदराखाली होता, वरपर्यंत भाकरींनी भरलेला.

"रिकामं आणायचं न्हाई, असं तिनंच सांगितलं व्हतं," ती आईला म्हणाली. "किती डाव घेऊन निघाले, बाई. त्या लाडवांच्या तोलाचं टाकायला काई नसायचं, अर्ध्या वाटेतून माघारी फिरायचे. मंग तुमाला तोंड कसं दाखवावं? आज भाकरी टाकल्या."

आमच्या मोठीमायच्या कायद्यानंच तिची भांडी अडवून धरली होती, हे तिला कधी कळलं नाही. कळलं असतं तर ती पुन्हा दारोदार फिरली असती, यात मला शंका नाही.

तेरावं झालं. मांडणी कधी नव्हे ती गच्च भरली होती. आईनं मांडणीवरून एकदा नजर फिरवली. मग तिनं तोच कडीचा डबा काढला आणि त्यात खिचडी भरली.

"माहेरचा डबा काहून काढला?" मी विचारलं.

"कोपऱ्यावर शिटी वाजली न्हाई आज," आई म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन निघाली. मांडणीत एका डब्याची जागा रिकामी झाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते घर मला आमचं वाटलं.