शुक्रवारची गोळी

प्रियदर्शनी तायडेचं नाव बाळापुरातल्या त्या मेडिकलच्या भिंतीवर काचेत लावलेलं होतं. नाव, फोटो, नोंदणी क्रमांक. दुकान होतं दवाखान्याला लागून, आणि मालक अनुप म्हणजे डॉक्टरांचा मेव्हणा. प्रियदर्शनीच्या घरात औषधशास्त्र शिकलेली ती पहिलीच. पेशंटला गोळी देताना ती दोनदा विचारायची, "कधी घ्याची, सांगा बरं." सांगता आलं नाही तर गिऱ्हाइकाला जागचं हलू द्यायची नाही. मागे रांग कुरकुरायची. अनुप म्हणायचा, "मॅडम, शाळा भरवून राहिल्या काय?"

हलीमाबी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या बोटांची पेरं सुजून बोरांएवढी झाली होती. पदराच्या गाठीतली चिठ्ठी तिला सोडवता येईना. प्रियदर्शनीनंच गाठ सोडली. चिठ्ठीवर दोन गोळ्या होत्या, दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक. एक मेथोट्रेक्सेट, संधिवाताची, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. दुसरी त्या गोळीचा त्रास आवरणारी, ती रोजची. डॉक्टरांनी लिहिताना दोघींची अदलाबदल केली होती. जी आठवड्याला एक, ती रोज एक.

तिनं फोन लावला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर तू आहेस की मी? लिहिलंय ते द्यायचं." आणि ठेवून दिला.

तिनं ते दिलं नाही. पट्टीतून चारच गोळ्या कापल्या, वेगळ्या पुडीत बांधल्या आणि हलीमाबीला जवळ बोलावलं. "आजी, हे फक्त शुक्रवारी. रोज घेतली तं जहर हाय."

"जुम्मे के जुम्मे, हाँ?" हलीमाबी म्हणाली. "वो तो मैं नहीं भूलूँगी, बेटी."

तीन महिने हलीमाबी विसरली नाही. सूज उतरली. चौथ्या महिन्यात ती स्वतःच्या हातानं गाठ सोडून चिठ्ठी काढायला लागली आणि त्या आनंदातच घात झाला. डॉक्टरांच्या खोलीत, बाकावर बसलेल्या दहाबारा पेशंटांसमोर ती मोठ्यानं म्हणाली, "साहब, तुमने रोज का लिखा था. दुकानवाली बेटी ने जुम्मे का बताया, तो मेरे हाथ खुल गये."

बाकावर कोणीतरी हसलं.

डॉक्टरांनी चिठ्ठी दुरुस्त केली नाही. जुनीच परत पुढे लिहून दिली. त्यांना चूक कळली होती की नाही, हे प्रियदर्शनीला शेवटपर्यंत समजलं नाही. दुपारी अनुप तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"मॅडम, तुमी उद्यापासून मागं बसा. मुदत संपलेला माल निवडा. पेशंटशी बोलाचं काम नाही."

"अन् काउंटरवर कोण?"

"पोट्टे हायत ना."

"त्याईले गोळ्या समजत नाहीत, अनुपभाऊ."

"त्याईले वाचता येते, तेवढं पुरे. अन् तुमचं नाव तं हायच ना भिंतीवर. ते काय पळून चाललं?"

ती उठून घरी जाऊ शकली असती. तिनं नंतर स्वतःला हे कितीदा तरी सांगितलं. पण बाळापुरात दुसऱ्या दुकानातही असंच होतं, आणि घरी आई सुभद्राबाई गावभर सांगत होती, पोरगी सायबीण झाली म्हणून. ती मागे बसली.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. काउंटरवरचं बोलणं खोक्यांच्या आडून अर्धंमुर्धं ऐकू यायचं. पुढच्या महिन्यात एका सकाळी तिला हलीमाबीचा आवाज आला. "वो बेटी कहाँ है?" काउंटरवरच्या पोरानं काहीतरी उत्तर दिलं. प्रियदर्शनी हातात खोकं धरून अर्धी उठली. मग तिला अनुपचा चेहरा आठवला. हलीमाबीला तर माहीतच आहे, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि परत खाली बसली.

काउंटरवर काय बोलणं झालं ते तिला फार उशिरा कळलं. तो पोरगा म्हणाला होता, "मॅडमनंच काढून ठेवल्या. आता रोज एक घ्याची." आणि तीस गोळ्या दिल्या होत्या. चिठ्ठी दुकानातच ठेवून घेतली होती.

बारा दिवसांत हलीमाबीच्या तोंडात फोड आले. मग अंगावर काळेनिळे डाग, मग ताप. मुलगा शफी तिला अकोल्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी पाहिली आणि कपाळाला हात लावला. अठराव्या दिवशी हलीमाबी गेली.

शफीनं तक्रार केली. चौकशीला अधिकारी आले. दवाखान्याच्या नोंदीत स्वच्छ अक्षरात होतं, आठवड्यातून एकदा. मूळ चिठ्ठी कोणालाच सापडली नाही. बिल मात्र सापडलं. त्यावर तीस गोळ्या होत्या आणि खाली छापलेलं नाव होतं, प्रियदर्शनी तायडे.

"तुम्ही त्या दिवशी दुकानात हजर होता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"होती. मागच्या खोलीत."

"गोळ्या तुम्ही दिल्या नाहीत?"

"नाही."

"मग नाव कसं?"

अनुपकडे बघावं म्हणून तिनं मान वळवली. तो मोबाइलवर बोट फिरवत होता.

तिची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित झाली. वर्ष सरलं तरी कोणत्याही दुकानानं तिला उभं केलं नाही. सुभद्राबाईंनी गावात लग्नाकार्याला जाणं सोडलं. अनुपनं दुकानात दुसऱ्या कुणाचं नाव लावलं. दवाखान्यातली गर्दी कमी झाली नाही.

प्रियदर्शनी आता अमरावतीला असते, एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात. पोरांचे फॉर्म भरून घेते. या जूनमध्ये टेबलासमोर एक मुलगी आणि तिचा बाप येऊन बसले. मुलीनं नाव सांगितलं, कहकशाँ. बापाकडे प्रियदर्शनीनं मान वर करून पाहिलं. तो शफी होता.

फॉर्म भरून झाला. मुलगी वर्ग बघायला गेली. शफी उठला नाही.

"ताई, मले मालूम होतं," तो म्हणाला. "अम्मी सांगे तुमचं, जुम्म्याचं."

"मंग लिवून काहून नाही देलं?"

"डॉक्टरच्या इरोधात कोणी लिवूनच घेत नव्हतं. म्हणत, नाव दाखव. तुमचंच नाव होतं बिलावर. कोणाचं तरी लागत होतं."

तिनं विचारलं, "शेवटी त्रास झाला?"

"चार दिवस पाणी गेलं नाही गळ्याखाली. तोंड सारं सोललं होतं."

तिला ते पुस्तकातून पाठ होतं. कोणत्या दिवशी काय होणार, क्रमासकट.

शफीनं खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "घरवालीची हाय. थायरॉइडची. तुमी एकदा पाहून द्या. दुसऱ्याचा भरोसा वाटत नाही."

तिनं चिठ्ठी उचलली, घडी घातली आणि त्याच्याकडे सरकवली. "मी आता फॉर्म भरते, भाऊ. दुकानात विचारा."

त्यानं चिठ्ठी परत खिशात ठेवली. मग पोरीला हाक मारून जिन्यानं उतरून गेला. चिठ्ठीत चूक नव्हती. घडी घालण्याआधीच तिनं पूर्ण वाचली होती. एवढं सांगितलं असतं तर त्याचा जीव भांड्यात पडला असता, हेही तिला कळत होतं. तिनं पुढच्या पालकाला खुर्ची दाखवली.